दाखला खरा हवा

आपल्यापैकी कित्येकांची मुले अमेरिकेत भाड्याच्या घरात राहतात. तेथे घरमालकाने कुत्री-मांजरे पाळण्यास मनाई केली असली, तरी मानसिक आजाराने खचलेल्या भाडेकरूला आधारासाठी प्राणी ठेवण्याची सवलत बहुधा द्यावी लागते. गृहनिवास कायद्यात 1988 साली झालेल्या दुरुस्तीचा हा आधार. आजार उघड दिसत नसेल, तर मालक तज्ज्ञाचे पत्र मागू शकतो.

इथेच मोह होतो. इंटरनेटवर पैसे भरले की पत्र हजर! आपणही रजेसाठी आजारपणाचा खोटा दाखला आणतो आणि म्हणतो, ‘यात कोणाचे काय बिघडले?’ बिघडते ते खऱ्या दुःखिताचे. एकदा फसलेला मालक त्याच्याकडेही संशयाने पाहतो. कॅलिफोर्नियात 2022 पासून नियम आहे : आधाराच्या कुत्र्यासाठी पत्र देण्यापूर्वी परवानाधारक तज्ज्ञाचा त्या व्यक्तीशी किमान 30 दिवसांचा संबंध हवा. हे दिवस जाचक वाटतील. परंतु तेवढ्यात कोणीतरी आपले दुःख ऐकून घेतलेले असते.

म्हणून मुलांना आपण दोन्ही गोष्टी सांगू या : मन खचले असेल, तर तज्ज्ञाकडे जायला लाजू नका, आणि खचले नसेल, तर दुसऱ्याच्या दुःखाचा दाखला विकत घेऊ नका.