खरं बोलण्याची मुभा

तालुक्याची कबड्डी स्पर्धा असो, की शाळेचा धावण्याचा संघ. अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो. तो बहुतेक वेळा कसा मिळतो, हे आपण सगळे जाणतो. ओळखीचे डॉक्टर, पुढे सरकवलेला कागद, सही, शिक्का. पोराच्या छातीला स्टेथोस्कोप लागलेलाही नसतो.

इटलीने १९८२ साली स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. पुढच्या दोन दशकांत तिथल्या व्हेनेतो प्रांतात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटल्याचं संशोधकांना आढळलं. इस्राएलमध्ये मात्र तशाच सक्तीनंतर फरक दिसला नाही. ईसीजीवरून डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. पण दोन प्रश्न विचारायलाच हवेत, यावर दुमत नाही. धावताना कधी शुद्ध हरपली का? घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं का? दुसरा प्रश्न अशासाठी, की अशा मृत्यूमागे असू शकणारा, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक विकार आनुवंशिक असतो. आई किंवा वडिलांकडे तो असेल, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी.

नेमक्या याच प्रश्नांची उत्तरं आपण गिळून टाकतो. तरणाताठा काका शेतात कोसळला, तर ‘आयुष्याची दोरी तेवढीच होती’ म्हणून विषय मिटवतो. सरावात भोवळ येऊन पडलेला मुलगा ‘सकाळी काही खाल्लं नव्हतं, सर’ म्हणत कपडे झटकून उभा राहतो. खरं बोललो तर नाव कापलं जाईल, ही त्याला धास्ती असते. खरं बोलण्याची शिक्षा होत असेल, तर मूल लपवणारच. तो दोष मुलाचा नाही, आपला आहे.

नायजेरियाचा फुटबॉलपटू न्वान्क्वो कानू १९९६ साली ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकून इंटर मिलान क्लबात आला आणि तपासणीत त्याच्या महाधमनीच्या झडपेत दोष निघाला. क्लबने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. शस्त्रक्रिया झाली, तो पुन्हा मैदानात उतरला, आणि पुढे आफ्रिकेतल्या मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांसाठी त्याने संस्था उभी केली.

प्रत्येकाला असं परतता येत नाही. काहींना खेळ थांबवावाच लागतो. अशा मुलाला संघातून तोडू नये. त्याला पंचगिरी शिकवावी, गुणलेखन द्यावं, सहलीला आणि फोटोला बोलवावं. आई-वडिलांनी घरातल्या अकाली मृत्यूंबद्दल डॉक्टरांना आडपडदा न ठेवता सांगावं. आणि प्रशिक्षकाने निवडीच्या आधीच सर्वांसमोर शब्द द्यावा: ‘भोवळ आली, छातीत दुखलं, तर मला सांगा. तपासणी होईपर्यंत तुमची जागा मी राखून ठेवीन.’

एवढा शब्द ज्याला देता येत नाही, त्याने मुलांकडून जीव तोडून खेळण्याची अपेक्षाही ठेवू नये.