संदर्भाचा पत्ता आणि वाचनाचे ऋण

साधन तटस्थ आणि लेखक उत्तरदायी, अशी विभागणी आपण लेखनव्यवहारात गृहीत धरतो. संशोधनपर लेखनासाठी वापरात आलेल्या एका साध्या खूणपद्धतीच्या आधारे ही विभागणी तपासून पाहता येईल.

जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ‘मार्कडाउन’ ही पद्धती प्रसिद्ध केली. साध्या मजकुरातच मोजक्या खुणा करून मथळा, ठळक अक्षर, दुवा दर्शवावयाचा, एवढाच तिचा आवाका होता. तीत संदर्भ देण्याची सोय नव्हती. ती उणीव ‘पॅनडॉक’ या रूपांतरप्रणालीत भरून निघाली. तिचे कर्ते जॉन मॅकफार्लेन हे बर्कली येथील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. येथे लेखक चौकटी कंसात ‘ॲट’चे चिन्ह व ग्रंथाची संकेतसंज्ञा लिहितो, वाटल्यास पृष्ठांक जोडतो. ग्रंथाचा तपशील वेगळ्या नोंदसंग्रहात असतो आणि संदर्भाची शैली तिसऱ्याच फाइलीत. ती फाइल बदलली की कंसातील नाव-वर्षाची तळटीप होते.

या रचनेमागे एक भूमिका आहे: संदर्भ हा आशय असून त्याचे रूप आनुषंगिक होय. ती पूर्णतः मान्य करता येत नाही. तळटीपेत मतभेदाला, शंकेला अवकाश असतो; नाव-वर्षाच्या कंसात पूर्वसूरीचा केवळ निर्देश होतो. रूपाबरोबर पूर्वसूरीशी असलेले नातेही बदलते.

याहून मूलगामी प्रश्न सत्यतेचा आहे. संकेतसंज्ञेची नोंद सापडली नाही, तर प्रणाली इशारा देते आणि छापील मजकुरात प्रश्नचिन्ह उमटवते. नोंद सापडली, परंतु त्या ग्रंथात ते विधानच नसले, तर ती निमूटपणे निर्दोष संदर्भ सिद्ध करते. मजकुरात कोठेही न आलेला ग्रंथ सूचीत घालण्याचीही तीत सोय आहे. पूरक वाचन सुचविण्यासाठी ती जितकी उपयुक्त, तितकीच व्यासंगाचा आभास निर्माण करण्यासाठीही. या दोन हेतूंत भेद करणे यंत्राच्या कक्षेबाहेरचे आहे.

ज्ञानेश्वरीच्या अखेरीस, व्यासांच्या मागाने आणि भाष्यकारांना वाट विचारीत आपण आलो, असा निर्देश येतो. हे भाष्यकार शंकराचार्यच काय, याविषयी अभ्यासकांनी वाद घातला आहे. तेथे ऋण निःसंशय आहे. पत्ता संदिग्ध आहे. आजच्या संदर्भसूचीत पत्ता अचूक असतो. ऋण असेलच असे नाही.

तर मग संदर्भ देण्यातील कर्तव्य कोणाप्रती असते? केवळ पूर्वसूरीप्रती, असे मानल्यास नामनिर्देश पुरेसा ठरेल. परंतु संदर्भ हा पुढच्या वाचकाला दिलेला, आपले विधान खोडून काढण्याचा अधिकारही असतो. तो अधिकार बहुधा पृष्ठांकाने प्रत्यक्षात येतो. पृष्ठांक दुसऱ्याच्या तळटीपेतून उसना घेता येतो, हे खरे. तरीही तो लिहिणारा स्वतःला तपासणीस मोकळे करतो. प्रणालीने मात्र संकेतसंज्ञा अनिवार्य आणि पृष्ठांक ऐच्छिक ठेवला आहे.

म्हणून साधनाला तटस्थ म्हणता येत नाही. यंत्राला जे पडताळता येते ते काटेकोर करून, जे पडताळता येत नाही तेही काटेकोर असल्याचा भास ते निर्माण करते. सूची निर्दोष छापली गेली म्हणजे वाचन झाले, असा समज संशोधनात रूढ होणे हा खरा धोका आहे. सूचीची शिस्त यंत्राकडे सोपविता येते; ग्रंथ उघडून ते पान वाचण्याची जबाबदारी सोपविता येत नाही.