उजळ सूर आधीच असतो का?

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा पुष्कळदा आवाज मोठा असतो, पण दबलेला असतो. खर्ज फुगतो, वरच्या तारांची धार जाते आणि दोन स्वर एकत्र छेडले की ते एकमेकांत कालवले जातात. मग मागचे झाकण उघडले जाते, एखादा कंडेन्सर बदलला जातो, एखादी वायर आखूड केली जाते आणि सूर उजळतो. बांधणारा समाधानाने गिटार उचलतो. खरा प्रश्न मात्र इथून सुरू होतो. हा उजळपणा आला कुठून? तो तारेत आधीपासून होता आणि फक्त मोकळा झाला, की यंत्राने नव्याने घडवला?

भारतीय दर्शनांत हा वाद फार जुना आहे. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीपासून असते. निर्मिती म्हणजे केवळ प्रकट होणे. हा सत्कार्यवाद. न्याय-वैशेषिकांना तो मान्य नाही. कार्य उत्पन्न होण्यापूर्वी त्याचा अभाव असतो, त्याला ते प्रागभाव म्हणतात. हा असत्कार्यवाद. वस्त्र तंतूंमध्ये आधीच असेल तर विणकराने विणायचे काय, असा त्यांचा सवाल. त्यावर सांख्य उलट विचारतात, जे मुळीच नव्हते ते निर्माण होत असेल तर कशातूनही काहीही का निर्माण होत नाही?

हा वाद समजून घ्यायला उत्तर कोलकात्यातल्या बागबाजारइतकी योग्य वस्ती क्वचितच सापडेल. मराठी वाचकाला हे नाव एका वेगळ्या कारणाने ठाऊक असू शकते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने 1742 साली कोलकातेकरांनी जो मराठा खंदक खणायला घेतला, त्याचे उत्तर टोक बागबाजारला होते. पण बागबाजारचा मोठा वारसा विचारांचा आहे. इथल्या बलराम बसू यांच्या घरी रामकृष्ण परमहंस वारंवार येत. त्याच घरात 1 मे 1897 रोजी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना केली. जवळच्या बोसपाडा गल्लीत भगिनी निवेदितांनी 13 नोव्हेंबर 1898 रोजी मुलींची शाळा उघडली.

मिशनच्या स्थापनेच्या आदल्याच वर्षी, 1896 मध्ये, विवेकानंदांचा ‘राजयोग’ प्रसिद्ध झाला होता. त्यात पतंजलीच्या सूत्रांवर भाष्य आहे. कैवल्यपादातल्या तिसऱ्या सूत्रात पतंजली शेतकऱ्याचा दाखला देतो. शेतकरी पाणी ढकलत नाही. तो फक्त बांध फोडतो, पाणी आपल्या स्वभावानेच वाफ्यात उतरते. सांख्यांचेच म्हणणे सांगणारा हा दाखला विवेकानंदांना अतिशय प्रिय होता. माणसात पूर्णत्व आहेच, शिक्षणाने आणि साधनेने फक्त अडसर दूर करायचा, ही त्यांची शिकवण याच धाग्याने विणलेली आहे. निवेदितांच्या शाळेमागेही हीच श्रद्धा होती.

अ‍ॅम्प्लिफायर उघडून पाहिला तर पतंजलीचा शेतकरी तिथे जागोजागी भेटतो.

गिटारपासून सुरुवात करू. गिटारच्या केबलला स्वतःची धारिता असते, साधारण दर मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास. सहा मीटरची केबल म्हणजे 600 पिकोफॅरडचा कंडेन्सरच सिग्नल आणि जमीन यांच्यामध्ये बसलेला. उंच कंपने त्यातून निसटून जातात. केबल आखूड केली की सूर उजळतो, आणि यात कोणी काही घातलेले नसते. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतही तेच. ईसीसी83 या प्रचलित व्हॉल्व्हमध्ये ग्रिड आणि प्लेट यांच्यातली धारिता जेमतेम दीड पिकोफॅरड असते, पण व्हॉल्व्ह सिग्नल साठ पटीने वाढवत असल्यामुळे ती ग्रिडला सुमारे 100 पिकोफॅरडसारखी भासते. तिच्या आधी 470 किलोओहमचा रेझिस्टर आला तर साडेतीन हजार हर्ट्झच्या आतच धार बोथट व्हायला लागते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांत त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना एक छोटा कंडेन्सर जोडलेला दिसतो तो याचसाठी. उंच कंपनांना त्या रेझिस्टरला वळसा घालून जाता यावे, एवढेच त्याचे काम.

सर्वांत बोलका बदल कॅथोडवरच्या कंडेन्सरचा. ईसीसी83च्या कॅथोडला दीड किलोओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर 25 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ही नेहमीची मांडणी. तो काढून 0.68 मायक्रोफॅरडचा लावला की अ‍ॅम्प्लिफायर झळाळून उठतो आणि ऐकणारा म्हणतो, ट्रेबल वाढला. मोजून पाहिले तर उंच स्वर तसूभरही वाढलेले नसतात. सुमारे दीडशे हर्ट्झखालची वाढ निम्म्याजवळ आलेली असते, एवढेच. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झवर बोलते. तिचा फुगारा ओसरतो आणि तिच्यामागे झाकलेले ऐकू येते. टोनची बटणेही अशीच. रेझिस्टर-कंडेन्सरच्या साध्या जाळ्यात ट्रेबलचे बटण पूर्ण फिरवले तरी ते काही वाढवत नाही. कमी घटवते, इतकेच. इथवर सांख्यांचा विजय निर्विवाद आहे. उजळपणा होता, आड येणारे बाजूला झाले.

पण यंत्रात व्हॉल्व्ह आहे, आणि त्याचा स्वभाव वेगळा आहे.

त्याची परीक्षा गिटारने घेऊ नये, कारण तारेत अनेक उपस्वर आधीच मिसळलेले असतात. सिग्नल जनरेटरमधून 200 आणि 310 हर्ट्झचे दोन शुद्ध स्वर आत सोडावेत आणि व्हॉल्व्हला जोर द्यावा. बाहेर 400 आणि 620 हर्ट्झ दिसू लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 110 आणि 510 हर्ट्झही दिसतात, म्हणजे दोघांची वजाबाकी आणि बेरीज. आत गेलेल्या कोणत्याही स्वराच्या पोटात हे दोन नव्हते. कितीही बांध फोडले, कितीही अडसर काढले तरी ते आत सापडले नसते. ग्रिडवरच्या व्होल्टेजच्या प्रमाणात व्हॉल्व्हमधला प्रवाह सरळ रेषेत वाढत नाही, तो वळतो. त्या वळणातून हे स्वर जन्मतात. गिटारवादकांना प्रिय असलेली व्हॉल्व्हची ऊब आणि धार याच वळणाची देणगी आहे. नैयायिकाला आपला प्रागभाव याहून स्पष्ट दाखवता आला नसता. नवद्वीपच्या नव्यन्यायाची परंपरा, रघुनाथ शिरोमणींची परंपरा, याच बंगालची आहे, हेही इथे आठवावे.

सांख्य अर्थात गप्प बसणार नाहीत. ऊर्जा वीजपुरवठ्यातूनच आली, नियम व्हॉल्व्हच्या रचनेत होताच, बदलले ते फक्त रूप, असे ते म्हणतील. हे उत्तर खोटे नाही. पण संगीतात रूप हेच सर्वस्व आहे. ऐकणाऱ्याच्या कानावर ऊर्जा येत नाही, स्वर येतो. आणि तो स्वर आधी नव्हता.

विजेची वाद्ये म्हणजे नकली आवाज, म्हणून हा सारा वादच गौण, असे मानणाऱ्यांनी मिरजेकडे पाहावे. तिथल्या शिकलगार कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे घडवले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्यात सर्वांत नाजूक काम जवारीचे. घोडीचा माथा घासून त्याला अगदी किंचित उतार द्यायचा, मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवत तो नेमका बिंदू शोधायचा जिथे तार बोलू लागते. दोरा नसेल तर तोच तंबोरा मुका वाटतो. जवारी खुली ठेवावी की बंद, हे गवयाच्या पसंतीवर ठरते. सूर उजळ करण्याची ही आपली शतकांची विद्या आहे आणि तिच्यात वीज कुठेच नाही.

या विद्येमागचे कोडे कोलकात्यातच पुढे आले. बऊबाजारातल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत चंद्रशेखर व्यंकट रामन संशोधन करत. भारतीय तंतुवाद्यांवरचा त्यांचा निबंध 1921चा आहे. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू असतात ते उपस्वर उमटत नाहीत, असा थॉमस यंगच्या नावाने ओळखला जाणारा नियम युरोपात पक्का मानला जाई. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, हे रामन यांनी दाखवले. जे उपस्वर गप्प असायला हवेत ते या वाद्यांत खणखणीत वाजतात. कंप पावणारी तार घोडीच्या उतारावर टेकते आणि सुटते. त्या स्पर्शात तिची शक्ती खालच्या उपस्वरांकडून वरच्यांकडे जाते. म्हणजे जवारीही व्हॉल्व्हप्रमाणेच तारेला जे मिळाले नव्हते ते देते. ज्या तंबोऱ्याला आपण सुराचे प्रमाण मानतो, तोच असत्कार्यवादाच्या बाजूने साक्ष देतो.

‘कृत्रिम’ म्हणून नाक मुरडण्याआधी शार्ङ्गदेवाचे म्हणणेही ध्यानात घ्यावे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. नाभीतून निघणारा नाद पाच स्थानांत पाच प्रकारचा होतो, असे तो सांगतो: नाभीत अतिसूक्ष्म, हृदयात सूक्ष्म, कंठात पुष्ट, मस्तकात अपुष्ट आणि मुखात कृत्रिम. म्हणजे माणसाच्या ओठांतून बाहेर पडणारा नादही त्याच्या वर्गवारीत घडवलेलाच आहे. नाद ज्या ज्या स्थानातून जातो ते प्रत्येक स्थान त्याला काही ना काही करते. हे मान्य केले की लाकूड, हस्तिदंत, कंठ आणि काचेचा व्हॉल्व्ह एकाच पंक्तीत बसतात. बंगालमध्ये सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्यासारख्या वादकांनी हवाईयन गिटारवर रवींद्रसंगीत आणि आधुनिक बंगाली गाणी घराघरांत पोचवली, तेव्हा ऐकणाऱ्यांनी त्या सुरांना परके मानले नाही.

जड वस्तू फक्त वाहून नेते की प्रतिसादही देते, हा प्रश्न बागबाजारात आणखी एका बाजूने विचारला गेला. जगदीशचंद्र बोस हे निवेदितांचे निकटचे स्नेही. त्यांच्या ग्रंथलेखनात निवेदितांनी वर्षानुवर्षे मदत केली. धातूंना उत्तेजना दिली की तेही प्रतिसाद देतात, थकतात, विश्रांतीने सावरतात, हे बोस यांनी 1902च्या ग्रंथात मांडले. विद्युत्‌लहरी टिपणाऱ्या त्यांच्या गॅलिना स्फटिकाच्या उपकरणाला अमेरिकेत 1904 साली पेटंट मिळाले. त्यासाठी निवेदिता आणि विवेकानंदांच्या शिष्या सारा बुल यांनी त्यांना भरीस घातले होते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह बनवला. धातू जिवंत आहेत की नाहीत, हा निर्णय बाजूला ठेवला तरी बोस यांची दृष्टी इथे उपयोगी पडते. पदार्थ निमूटपणे सिग्नल पुढे ढकलत नाही, तो आपल्या परीने उत्तर देतो. अ‍ॅम्प्लिफायरचा सूर म्हणजे अशा अनेक उत्तरांची बेरीज.

आणि त्या बेरजेत ऐकणाराही येतो. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी 1933 मध्ये दाखवले की आवाज हळू असेल तर कानाला खर्ज आणि अतिउंच स्वर तुलनेने कमी ऐकू येतात. गल्लीतल्या घरात, शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून हळू वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर म्हणूनही मंद वाटतो. व्हॉल्यूमच्या बटणावर बसवलेला 120 पिकोफॅरडचा कंडेन्सर याच वेळी कामी येतो. आवाज पूर्ण मोठा केला की त्याचा परिणाम उरत नाही. वय वाढते तशी उंच स्वर ऐकण्याची क्षमताही घटते. नातवाला जो सूर टोचतो तो आजोबांना जेमतेम स्वच्छ वाटतो. तेव्हा उजळपणाचे एक कारण यंत्राच्या बाहेरही आहे, आणि कानाला वगळून कोणताही सूर खरा किंवा खोटा ठरवता येत नाही.

मग निवाडा काय? अडसर काढून जे मिळते ते आधीच होते, इथे सांख्य आणि पतंजली बरोबर आहेत. व्हॉल्व्ह आणि जवारी जे देतात ते नवे असते, इथे नैयायिक बरोबर आहेत. दोघांना एकाच वेळी खरे म्हणणे म्हणजे गुळमुळीत तडजोड नव्हे. कुठल्या भागाबद्दल बोलतो आहोत हे सांगितले की प्रत्येकाची हद्द मोजून दाखवता येते. विवेकानंदांचे स्वतःचे गाणे याला साक्ष आहे. पूर्वाश्रमीच्या नरेंद्राचा गळा जन्मजात होता, तरीही त्याने बेनी उस्तादांसारख्या गुरूंकडे रीतसर तालीम घेतली. गळा आतून आला, तालीम बाहेरून. दोन्हींपैकी एक वजा केले तर दक्षिणेश्वरात आणि बलराम बसूंच्या घरी रामकृष्णांनी ऐकलेला गवई उरत नाही.

या निवाड्यातून कामाचा क्रमही ठरतो, आणि गुरूंनी, पालकांनी, कारागिरांनी तो पाळावा अशी विनंती आहे. आधी अडसर शोधावा, मगच भर घालावी. अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्याने प्रथम केबल, जोडण्या आणि कंडेन्सर तपासावेत. व्हॉल्व्हला जोर देऊन नवे उपस्वर मागणे त्यानंतरचे. एका वेळी एकच भाग बदलावा आणि रोज ज्या आवाजात वाजवायचे त्याच आवाजात ऐकावे. झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करून प्लग काढावा आणि मोठे कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामे झाल्याची मीटरने खात्री करावी, कारण यंत्र बंद असले तरी त्यांत तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात आणि तेवढे जीव घ्यायला पुरेसे असतात.