कानांतील नाम आणि हातांतील काम

रायपूरच्या रेल्वेस्थानकापलीकडे गुढियारी नावाची गजबजलेली वस्ती आहे. तेथील एका मराठी घरातील तरुण आपण डोळ्यांसमोर आणू. त्याचा व्यवसाय संगणकासाठी आज्ञावली लिहिण्याचा. दिवसभर कानांत विष्णुसहस्रनाम चालू, बोटे कळफलकावर, आणि रात्री निजण्यापूर्वी गीतेचा एक अध्याय. देह कर्मात आणि मन भगवंतात, मग याहून निराळा कर्मयोग तो कोणता, असे त्यास वाटते. समजूत गोड आहे; परंतु ती तपासली पाहिजे.

आपल्या आज्या पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. दळणे हे हातांचे काम. खुंटा फिरत असता वाणी आणि चित्त मोकळे असे. आज्ञावलीचे तसे नाही. ते मुळी शब्दांचेच काम होय. तेथे एकेक पद, एकेक चिन्ह मनात उच्चारून पारखावे लागते. ज्या बुद्धीने नामाचा अर्थ घ्यावयाचा, तीच बुद्धी तेथे गुंतलेली असते. मग नाम ऐकले तर काम चुकते, आणि काम साधले तर नाम घड्याळाच्या टिकटिकीसारखे कानांवरून जाते. भगवंताचे नाव ऐकून न ऐकल्यासारखे करण्याची रोज आठ तास सवय लावून घेणे, हिला भक्ती म्हणावे काय?

तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण जाणताच. चिखल तुडविताना ते भजनात रंगले आणि स्वतःचे तान्हे मूल पायांखाली आले. पुढे विठ्ठलकृपेने ते परत मिळाले, असे परंपरा सांगते. कीर्तनात तो प्रसंग आला की आपण टाळ्या वाजवितो. मला मात्र दर वेळी आधी ते मूल आठवते.

आपल्या तरुणाच्या पायांखाली कोण आहे? समजा, तो गोदामातील हमालांच्या रोजंदारीचा हिशेब बसवीत आहे. दिवस मोजताना ‘शेवटच्या तारखेपर्यंत, तीही धरून’ अशा अर्थाचे चिन्ह हवे होते. तेथे ‘शेवटच्या तारखेपेक्षा कमी’ असे पडले. यंत्र तक्रार करीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने वाक्य शुद्धच असते. दर महिन्याची शेवटची तारीख मात्र गळते, आणि त्या दिवशी पोती वाहिलेल्या प्रत्येकाची एक दिवसाची मजुरी बुडते. अठराव्या अध्यायात स्वकर्मानेच ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे. किडलेले फूल आपण देवास वाहतो का?

याच रायपुरात माधवराव सप्रे (1871–1926) राहत असत. समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले, 1915 साली प्रसिद्ध झालेले गीतारहस्य त्यांनी हिंदीत आणले. अनुवाद हेही शब्दाशब्दावर थांबण्याचेच काम. सप्र्यांचे भाग्य असे की त्यांचे काम आणि ग्रंथचिंतन एकच होते. ते भाग्य सर्वांस कोठून लाभणार? आपल्या तरुणाने दोहोंना निरनिराळी वेळ दिली पाहिजे.

‘मग महाराज, गाणे बंदच करू का?’ असे तो विचारील. तसे नव्हे. रस्त्यावरचा गोंगाट झाकण्यापुरता तंबोरा किंवा बासरी खुशाल असावी. शब्द नसले की झाले. जुन्या नोंदी आवरणे, नक्कल करणे अशी हातांची कामे निघाली म्हणजे सहस्रनाम लावावे, म्हणजे ते ऐकलेही जाईल. राहिला रात्रीचा अध्याय. थकलेल्या डोळ्यांनी पाने उलटण्यापेक्षा सकाळी यंत्र सुरू करण्यापूर्वी दोनच श्लोक अर्थासह वाचावेत. पंधराव्या अध्यायात अवघे 20 श्लोक आहेत; ते दहा दिवस पुरतील.

आणि ती गळालेली तारीख? चिन्ह दुरुस्त करावे, मागील सर्व महिन्यांचा फरक माणसागणिक काढावा, आणि चूक माझी आहे असे सांगून तो कागद मालकापुढे ठेवावा. ते काम चालू असता कानांत काहीही नसावे.