चाल ओळखीची असली म्हणजे

वऱ्हाडातल्या भजनी मंडळात नवं पद आलं, की पहिली चौकशी त्याच्या अर्थाची होत नाही. "चाल कोन्ती हाय बाप्पा याची?" असं विचारलं जातं. चाल ओळखीची निघाली तर पेटीवाला सूर धरतो, झीलकरी सावरून बसतात आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळी बैठक गायला लागते. अनोळखी असली तर म्हणणारा एकटा म्हणत राहतो, बाकीचे माना डोलावतात. ऐकणाऱ्याचा गाणारा कसा होतो, हे या साध्या चौकशीवरून कळतं असं मला वाटतं. ते सावकाश उलगडायचं, तर आधी अमरावती-अकोल्यापासून बरंच लांब जावं लागेल.

अमेरिकेत विज्ञानकथांच्या चाहत्यांची संमेलनं भरतात. दिवसा परिसंवाद, लेखकांच्या मुलाखती, पुस्तकविक्री. रात्री मात्र हॉटेलातल्या एखाद्या खोलीत गिटार निघते आणि लोक गोल करून बसतात. ज्याची पाळी येईल त्यानं गायचं, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचं. गाणी अंतराळयानांची, परग्रहांची, आवडत्या कादंबऱ्यांतल्या पात्रांची. चाली पुष्कळदा जुन्या लोकगीतांच्या. या प्रकाराला तिकडे फिल्क म्हणतात. 1950च्या दशकापासून तो रुळला आहे आणि 1984 पासून त्याला स्वतःचे पुरस्कारही आहेत. पॉल अँडरसनसारखा नावाजलेला विज्ञानकथाकारही अशी गाणी रचायचा. तिथे गळा चांगला असण्याची अट नसते. संगणकावर काम करणारा, ग्रंथपाल, शाळामास्तर, कुणीही बसतो.

या मंडळींतली लेस्ली फिश ही बाई मला फार लक्षणीय वाटते. 'स्टार ट्रेक' मालिकेच्या वेडापोटी तिनं चाहत्यांच्या मासिकांसाठी कथा लिहिल्या, पुढे विज्ञानकथा-कादंबरी लेखनात शिरली. पण तिचं नाव झालं ते गाण्यांमुळे. 1976च्या तिच्या एका संचाच्या नावाचा अर्थ साधारण असा होतो: अजून जन्मालाच न आलेल्या माणसांची लोकगीतं. माणूस चंद्रावर उतरला त्या घटनेवर तिनं एक गाणं केलं आणि चाहत्यांच्या बैठकीत ते जवळजवळ प्रार्थनेसारखं गायलं जाऊ लागलं. दुसऱ्या एका विनोदी गाण्याला तर लोकांनी आपापली इतकी कडवी जोडली, त्याची इतकी विडंबनं केली, की ती गोळा करून छापावी लागली. गाणं तिच्या हातातून सुटलं आणि समाजाचं झालं. एखाद्या कथेच्या बाबतीत असं सहसा घडत नाही. कथा आवडली तर आपण दुसऱ्याला वाचायला देतो; तिच्यात आपला परिच्छेद घालत नाही.

आता वऱ्हाडात परत येऊ, आणि तुकडोजी महाराजांच्या मोझरीला उतरू.

माणिक बंडोजी इंगळे हा मुलगा 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मला. शाळा थोडकीच झाली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या म्हटलं आणि तेच नाव पुढे तुकडोजी महाराज म्हणून देशभर गेलं. हातात खंजेरी. लाकडी कडं, त्यावर ताणलेलं चामडं आणि बाजूला वाजणाऱ्या चकत्या, एवढंच ते वाद्य; ते घ्यायला श्रीमंती लागत नाही आणि शिकायला घराणं लागत नाही. 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला, गुरुदेव सेवामंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या, 1942च्या आंदोलनात महाराज तुरुंगात गेले, 1955 मध्ये खंजेरीसह जपानच्या विश्वधर्म परिषदेला जाऊन आले. चरित्राचे हे टप्पे वऱ्हाडातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. माझं लक्ष त्यांच्या कारागिरीकडे आहे.

त्यांच्या 'ग्रामगीते'त 41 अध्याय आहेत. त्यात ग्रामशुद्धी आहे, ग्रामआरोग्य आहे, गोवंशसुधार आहे, महिलोन्नती आहे, अंत्यसंस्कारांत काय बदलायला हवं तेही आहे. 1950च्या दशकातल्या खेड्याला हा मजकूर पूर्णपणे नवा होता. असं गाव तेव्हा कुठेही उभं नव्हतं. एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि त्याला तो भूवैकुंठ म्हणत होता. ग्रामगीतेला विज्ञानकथा म्हणणं ओढूनताणून होईल, मी तसं म्हणणार नाही. पण जे अजून नाही ते असल्यासारखं तपशिलानं मांडायचं, ही खटपट दोन्हीकडे सारखी आहे. आणि हे अनोळखी गाव त्यांनी घातलं कशात? ओवीत. दळताना जात्यावर जी बाईच्या तोंडी असते, पारायणात जी कानावरून गेलेली असते, त्या ओवीत. मजकूर उद्याचा आणि घाट सातशे वर्षांचा. जे ग्रंथात तेच भजनात: छोटं ध्रुपद, ठेक्यावर चढत जाणारी कडवी, आणि मागे बसलेल्यानं ते उचलायचंच, अशी रचना. सामुदायिक प्रार्थनेवर त्यांचा एवढा भर का होता, हेही इथे उमगतं. जो गातो, त्याला ते विचार दुसऱ्याचे वाटत नाहीत.

त्यांच्याच काळात, त्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा वेगळ्या वाटेनं तिथेच पोचले होते. अक्षरओळख नसलेल्या या माणसानं कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. आज अकोट भागातले सत्यपाल महाराज सात खंजेऱ्या एकट्यानं वाजवत दारू, हुंडा, बुवाबाजी यांवर बोलतात तेव्हा तीच वहिवाट पुढे चाललेली असते.

इथे एक शंका येते आणि ती टाळता येत नाही. ओळखीची चाल आपल्याबरोबर जुना अर्थही ओढून आणते. भक्तीच्या चालीवर शोषखड्ड्याचं पद बसवलं की माणसं हात जोडून ऐकतात, आणि खड्डा काही खणत नाहीत. सात खंजेऱ्यांच्या कौतुकात हुंड्याचा मुद्दा विसरला जातो. चाल लक्षात राहते, मजकूर गळतो. हे मंडळांतून मी पुष्कळ पाहिलं आहे. तरीही अनोळखी चालीतला मजकूर गळण्याइतकाही कुणाच्या घरात शिरत नाही, हे त्याहून जास्त वेळा पाहिलं आहे. म्हणून माझं माप चालीच्या बाजूनं झुकतं.

मराठी विज्ञानकथेनं हे अर्धवट ओळखलं होतं. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं, हा किस्सा सर्वांना माहीत आहे. त्यांच्या पुस्तकांची नावं मात्र नीट पाहावीत. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'प्रेषित'. आत परग्रह, संगणक, खगोलशास्त्र. वर आजीच्या तोंडची नावं. 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये तर डाव्याचं उजवं होण्याची भूमितीतली अवघड कल्पना त्यांनी गणपतीची सोंड आणि क्रिकेट यांच्या आधारानं मराठी घरात आणून बसवली. ही चालच झाली. पण ती वाचकापाशी थांबली. कथांना बक्षिसं मिळाली, त्या दिवाळी अंकांत आल्या, अभ्यासक्रमांत गेल्या. चारजणांनी गोल बसून त्या म्हणाव्यात असा घाट त्यांना कुणी दिला नाही. मराठी विज्ञानकथेला वाचक आहेत, झीलकरी नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि विषय तर उशाशी पडला आहे. वऱ्हाडातच, बुलडाणा जिल्ह्यात, लोणारला सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर आहे. आकाशातून आलेला दगड बेसाल्ट खडकावर आदळून ते झालं. असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळ यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तिथे येतात. 1823 मध्ये अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. ते ज्वालामुखीचं नसून आघाताचं आहे, हे ठरायला मात्र 1970चं दशक उजाडलं. गावाकडे त्याआधीपासून लवणासुराच्या वधाची कथा आहे, दैत्यसूदनाचं देखणं मंदिर आहे. लवणासुर गावोगाव सांगितला जातो. उल्केचं भजन माझ्या कानावर कधी आलेलं नाही.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना म्हणूनच विनंती आहे. येत्या दिवाळी अंकाला कथा जरूर द्या. सोबत लोणारच्या दगडावर चार कडव्यांचं एक पद लिहा, ध्रुपद दोन ओळींचं ठेवा, आणि ते अकोट, दर्यापूर किंवा तिवशाकडच्या एखाद्या मंडळाला नेऊन द्या. मंडळ त्यात आपल्या पदरची कडवी घालेल, एखादा शब्द वऱ्हाडी करेल, क्वचित लवणासुरालाही आत घेईल. तेव्हा रागावू नका.