एकच तराजू

१९४२ च्या ऑगस्टात आपल्या वर्धा जिल्ह्यातील आष्टीस व तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमुरास रक्तपात झाला. पोलिसांच्या हत्येबद्दल गावकऱ्यांवर खटले चालून फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. परंतु चिमुरच्या स्त्रियांवर शिपायांनी अत्याचार केल्याच्या तक्रारींची चौकशी व्हावी, एवढ्यासाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. ह्याउलट, आफ्रिकेतील सिएरा लिओन देशात यादवीनंतर २००२ साली स्थापिलेल्या विशेष न्यायालयाने बंडखोरांप्रमाणेच सरकारपक्षाच्या पुढाऱ्यांसही दोषी ठरविले. देवाच्या न्यायासनापुढेही तोंड पाहून निवाडा होत नाही. म्हणून आम्ही विनवितो की, गावच्या तंट्यात पंच म्हणून बसाल तेव्हा आपल्या माणसाचा अपराधही त्याच तराजूत तोला.