बर्फाचं पाणी

"आई, दवाखान्यात नर्सने बर्फाचं पाणी पुढे केलं तेव्हा केवढी चिडलीस!"

"ओल्या बाळंतिणीला बर्फ? चिडू नको तर काय करू?"

"पण त्याने मला अपाय होणार नव्हता."

"अपायाचं नाही गं. आधी विचारलं तरी का त्यांनी?"

बाळाला तेल लावणारा तिचा हात थांबला. माझ्या बाळंतपणासाठी ती इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूला आली आहे. त्याआधी तीस वर्षं गडचिरोलीत नर्स होती.

"मीही विचारलं नव्हतं," ती म्हणाली. "एक माडिया आदिवासी बाई आली, कळा सुरू होत्या. तिला उकिडवं बसायचं होतं, पाठीशी सुईण हवी होती. मी सुईणीला बाहेर काढलं, हिला टेबलावर आडवी केली. दोघं सुखरूप. पण पुढच्या खेपेला ती आलीच नाही."

"मग ते बाळंतपण सुरक्षित झालं का?"

"रजिस्टरात झालं."

मी तिला इरिहापेती रॅम्सडेनबद्दल सांगितलं. या माओरी परिचारिकेने न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'सांस्कृतिक सुरक्षितता' हा विचार मांडला. सेवा सुरक्षित होती की नाही, हे घेणारीने ठरवायचं, देणारीने नाही.

"आणि अमेरिकेत बघ. १९७६च्या सरकारी अहवालाप्रमाणे मूळ रहिवाशांसाठीच्या आरोग्यसेवेच्या फक्त चार विभागांत १९७३ ते १९७६ दरम्यान ३,४०६ नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, संमतीचे नियम धड न पाळता. ज्यांच्या आईचं, मावशीचं असं झालं, त्या दवाखान्याची पायरी कशा चढतील? आपण बसलोय ती जमीनही डुवामिश लोकांची. त्यांना वेगळी जमात म्हणून केंद्र सरकारची मान्यतासुद्धा नाही."

"पटतं. पण वार अडकली, रक्त वाहायला लागलं, की हातात किती वेळ असतो? तेव्हा मर्जी विचारत बसू? आणि गंजक्या पात्याने नाळ कापत असतील, तर त्याचाही मान राखू?"

"पातं उकळायला सांगच. पण ऐकेल कोण? जिच्या सुईणीला तू बाहेर काढलंस, ती?"

आई बराच वेळ गप्प होती.

"गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंगांनी दवाखाना बांधताना आधी लोकांना विचारलं. म्हणून त्यांचं शोधग्राम गोंडांच्या वस्तीसारखं दिसतं, दवाखान्याला नाव दंतेश्वरीचं. गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, ३९ गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले."

"म्हणजे वाट ठाऊक होती."

"माझ्याच जिल्ह्यात होती."

"तरी रक्त वाहत असताना ती नको म्हणाली तर?"

"हात धरून पुन्हा सांगेन. तिच्या सुईणीकडून सांगवेन. ती शुद्धीवर नसेल तर आधी वाचवेन, मग तिच्या दारात जाऊन बोलणी खाईन. तो पेच खरा आहे, त्यातून माझी सुटका नाही. पण त्या दिवशी पेच नव्हताच, बाई. उकिडवं बसल्याने कोणाचा जीव जाणार नव्हता. सुईण पाठीशी बसल्यानेही नाही."